बाकावर शांत बसणाऱ्या मुलीचीही तपासणी व्हावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की 'मुलींचीच बाजी' या अर्थाचा मथळा दरवर्षी सर्व वृत्तपत्रांत येतो आणि तो खराही असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शाळांत शिकलेल्या मुली शेतात, विडीच्या कामात किंवा मागावर आई-वडिलांना हातभार लावून एवढे गुण मिळवतात, याचा एक निवृत्त शिक्षिका म्हणून मला अभिमान आहे. परंतु त्या मथळ्यामुळे एक समज घट्ट होत चालला आहे, तो असा की मुलींचे शिक्षण आता आपोआप मार्गी लागते आणि काळजी करायची ती फक्त मुलांची. ज्या मुली दहावीपर्यंत पोहोचल्याच नाहीत, किंवा पोहोचून दोन विषयांत राहिल्या आणि पुन्हा परीक्षेला बसल्या नाहीत, त्या निकालाच्या टक्केवारीत दिसत नाहीत. त्यांतील काहींच्या मागे गरिबी असते, काहींच्या मागे शाळेचे अंतर असते. परंतु काहींच्या बाबतीत खरे कारण कोणी कधी तपासलेलेच नसते. त्या न तपासलेल्या कारणांपैकी एकाविषयी मला लिहायचे आहे.

एडीएचडी हे नाव आता अनेक पालकांच्या कानावरून गेले आहे. लक्ष टिकवता न येणे, अतिचंचलता आणि मनात येईल ते विचार न करता करून टाकणे ही या विकाराची मुख्य अंगे आहेत. तो मेंदूच्या वाढीशी संबंधित आहे आणि मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतो. आईने लाड केले, वडिलांनी धाक ठेवला नाही किंवा हातात मोबाईल दिला म्हणून तो होत नाही. जगभरातील पाहण्या एकत्र करून पाहिल्या असता शालेय वयातील साधारण पाच टक्के मुलांमध्ये तो आढळतो. तमिळनाडूतील कोइम्बतूर येथील प्राथमिक शाळांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण अकरा टक्क्यांच्या पुढे निघाले होते. आपण कमीत कमी आकडा धरला तरी चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असणार.

या दोघांपैकी वर्गशिक्षकांना माहीत असतो तो बहुधा मुलगा. तो बाकावरून उठतो, शेजाऱ्याची पेन्सिल ओढतो, प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर ओरडतो, त्यामुळे त्याच्या घरी निरोप जातो आणि घरचे लोक कधी ना कधी डॉक्टरांकडे जातात. बालमानसोपचाराच्या दवाखान्यांत म्हणूनच एका मुलीमागे तीन किंवा त्याहून अधिक मुलगे दिसतात. प्रौढ वयात मात्र स्त्रिया आणि पुरुष यांच्यातील हे अंतर पुष्कळ कमी होते, जवळजवळ बरोबरीवर येते. मोठेपणी निदान झालेल्या या स्त्रिया लहानपणीही याच अडचणीत होत्या. तेव्हा त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

लक्ष न जाण्याची कारणे समजून घ्यावी लागतील. मुलींमध्ये अतिचंचलतेपेक्षा लक्ष न टिकण्याचा भाग अधिक ठळक असतो. अशी मुलगी कोणाला त्रास देत नाही. ती फळ्याकडे पाहत असते, पण गुरुजींनी तीन सूचना एकामागून एक दिल्या तर तिच्याकडे पहिलीच पोहोचलेली असते. तिची वही पहिल्या चार पानांवर सुरेख असते आणि पुढे अर्धवट. गणिताची रीत तिला तोंडी सांगता येते, परंतु पेपरात वजाबाकीच्या जागी बेरीज केलेली असते. डबा, कंपास, स्वेटर यांपैकी काहीतरी दर आठवड्याला हरवते. घरी आईने दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितले तर दूध उतू जाते, गिरणीतून दळण आणायला पाठवले तर ती मैत्रिणीकडे जाऊन बसते. मुलाच्या बाबतीत अशी गोष्ट 'मुलगाच तो' म्हणून सोडून दिली जाते. मुलीच्या बाबतीत तोच तिचा स्वभाव ठरतो. धांदरट, वेंधळी, आळशी ही विशेषणे तिला इतक्या लवकर चिकटतात की बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत ती स्वतःही त्यांवर विश्वास ठेवू लागते. काही हुशार मुली हे सारे झाकून ठेवायला शिकतात. इतर मुलींचा अर्ध्या तासाचा अभ्यास त्या तीन तास बसून पुरा करतात, मैत्रिणीची वही रोज ताडून पाहतात, आणि सातवीपर्यंत कोणालाही शंका येत नाही. आठवीत विषय वाढतात, शाळा बदलते, घरातील कामाचा वाटा वाढतो, पाळी सुरू झालेली असते, आणि मग एकाच वर्षात मुलगी 'अचानक बिघडली' असे सर्वजण म्हणू लागतात. ती अचानक बिघडलेली नसते. लक्षणे अशी उशिरा उघड होऊ शकतात हे निदानाच्या नियमांनाही आता मान्य आहे: अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-नियमावलीत पूर्वी लक्षणे वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसलेली असावीत अशी अट होती, ती २०१३ च्या आवृत्तीत बारा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली.

अशा मुलींचे पुढे काय होते, हा प्रश्न अनेक वर्षे कोणी विचारला नव्हता, कारण सुरुवातीचे बहुतेक संशोधन मुलांवरच झाले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक स्टीफन हिनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सहा ते बारा वयाच्या २२८ मुलींचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी १४० मुलींना एडीएचडी होता आणि ८८ मुली तुलनेसाठी घेतल्या होत्या. याच मुलींना किशोरवयात, मग ऐन तारुण्यात, पुन्हा पुन्हा भेटून त्यांच्या आयुष्याची नोंद ठेवण्यात आली. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते वाचून माझी झोप उडाली. लहानपणी ज्यांच्यात लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता दोन्ही होते, अशा मुलींपैकी २२ टक्के मुलींनी तरुण वयात येईपर्यंत आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता; तुलनेच्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण त्यांच्यात ५१ टक्के, तर तुलनेच्या गटात १९ टक्के होते. ज्या मुलींमध्ये केवळ लक्ष न टिकण्याची अडचण होती, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण फारसे वाढलेले दिसले नाही, तरी स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण २९ टक्के होतेच.

त्याच अभ्यासात पुढे असेही दिसले की एडीएचडी असलेल्या मुली पंचविशीच्या आसपास आल्या तेव्हा त्यांच्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींना न ठरवता गर्भधारणा झालेली होती, तर तुलनेच्या गटात दहा टक्क्यांच्या आसपास. शिक्षणातील पीछेहाट आणि हा अनियोजित गर्भ यांची बाधा ज्यांची लक्षणे मोठेपणी कमी झाली होती अशा स्त्रियांनाही झालेली होती. म्हणजे 'मोठी झाली की सुधारेल' हे आपण म्हणतो तेव्हा लक्षणांबाबत ते काही वेळा खरे ठरते, परंतु शाळेच्या वर्षांत जे हातचे गेले ते लक्षणांबरोबर परत येत नाही. किशोरवयात अभ्यासात मागे पडणे हा लहानपणचा विकार आणि पुढची अनियोजित गर्भधारणा यांच्यामधील एक महत्त्वाचा दुवा आहे, असेही या संशोधकांनी दाखवले आहे. आणखी एक निष्कर्ष शिक्षकांनी आणि पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे: एडीएचडी असलेल्या ज्या मुलींना लहानपणी मारहाण, अत्याचार किंवा हेळसांड सोसावी लागली होती, त्यांच्यातच पुढे आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण अधिक होते. वेंधळ्या मुलीला वळण लावण्यासाठी म्हणून जो मार दिला जातो, त्याची गणना आपण कशात करतो हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. शाळेपुरता हा प्रश्न कायद्याने मिटवलेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे.

डेन्मार्कमध्ये एकोणीस लाखांहून अधिक लोकांच्या सरकारी नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्यांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होते, त्यांतील बहुतेक मृत्यू अपघातांमुळे होते, आणि हा वाढीव धोका पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि लहानपणी निदान झालेल्यांपेक्षा अठरा वर्षांनंतर निदान झालेल्यांमध्ये अधिक दिसला.

ही संख्या वाचून कोणा आईने घाबरून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. दुप्पट धोका म्हटला तरी तरुण वयातील मृत्यू मुळात विरळ असतात, आणि बर्कलीच्या अभ्यासातील बहुसंख्य मुलींनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला नव्हता. अनेकजणी शिकल्या, नोकरीला लागल्या, संसारात रमल्या. निदान म्हणजे भविष्य नव्हे. परंतु निदान झाले नाही तर मदत करण्याची वेळच येत नाही, आणि मुलींच्या बाबतीत ती वेळ वारंवार हुकते.

उपचारांबद्दलही पूर्ण सत्य सांगितले पाहिजे, अर्धे सांगून आशा लावणे योग्य नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने, किंवा औषधाच्या जोडीने पालकांचे व शिक्षकांचे प्रशिक्षण दिल्याने, चौदा महिन्यांत मूळ लक्षणांमध्ये स्पष्ट सुधारणा झाली होती. मात्र चाचणीतील काटेकोर उपचार संपल्यानंतर, तिसऱ्या वर्षापर्यंत निरनिराळ्या उपचारगटांमधील फरक पुसला गेला. याच मुलांचा पंचविशीपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा सुमारे नऊ टक्केच पूर्णपणे आणि कायमचे लक्षणमुक्त झालेले आढळले, तर साठ टक्क्यांहून अधिक जणांमध्ये लक्षणे काही वर्षे ओसरत आणि पुन्हा डोके वर काढत. यावरून मी इतकेच समजते की सहावीत सहा महिने गोळी दिली, मुलगी बरी दिसली, म्हणून फाईल बंद केली, असे या विकारात चालत नाही. शाळा बदलताना, दहावीला, कॉलेजला, लग्नानंतर, बाळंतपणात तिची विचारपूस होत राहिली पाहिजे. त्या चाचणीतील पाच मुलांपैकी चार मुलगे होते हेही येथे नोंदवते. मुलींविषयीचे आपले ज्ञान अजून मुलांच्या मानाने तुटपुंजे आहे.

पुढील आयुष्याविषयीचे हे सारे आकडे अमेरिकेतील आणि युरोपातील आहेत, आणि ते जसेच्या तसे खानापूर तालुक्याला लावणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे अविवाहित मुलीची गर्भधारणा हा आकडा तसा दिसणार नाही. येथे अभ्यासात मागे पडलेल्या मुलीसाठी वेगळी वाट तयार असते. आठवी-नववीत मार्क घसरले की 'हिचे शिक्षणात डोके नाही' असे ठरते, गावापासून हायस्कूल लांब असेल आणि बसची वेळ गैरसोयीची असेल तर त्या निर्णयाला आणखी बळ मिळते, मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळू लागते किंवा काजूच्या हंगामात कामाला जाते, आणि घरात स्थळे पाहण्याची चर्चा सुरू होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. त्यांच्यापैकी किती जणींना हा विकार होता हे कोणी मोजलेले नाही. परंतु शाळेत मागे पडणे हा जर तिकडे मधला दुवा असेल, तर इकडे तो दुवा लवकर लग्नाकडे नेतो असे मानायला मला पुरेसा आधार दिसतो. सासरी गेल्यावर त्याच मुलीला पाहुण्यांचा स्वयंपाक, शेताच्या वेळा, गॅसवरचे भांडे, बाळाच्या लसीची तारीख हे सारे एकाच वेळी लक्षात ठेवावे लागते. ज्या गोष्टीत तिचा मेंदू सर्वांत दुबळा, नेमक्या त्याच गोष्टीवर तिची 'चांगली सून' म्हणून परीक्षा होते. पुढे कधीतरी तिच्या मुलाला डॉक्टरांकडे नेले जाते, डॉक्टर प्रश्न विचारतात, आणि ते ऐकताना तिला आपले स्वतःचे बालपण ओळखू येते. जगभर अनेक स्त्रियांचे निदान याच मार्गाने होते.

आता सीमाभागातील विशेष अडचणीकडे येते. सीमाप्रश्न हा या पत्राचा विषय नाही, आणि त्यावर माझे जे मत आहे ते मी येथे मांडणार नाही. परंतु भाषेचा प्रश्न या निदानात थेट आडवा येतो. एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. पालकांची आणि शिक्षकांची सविस्तर मुलाखत, ठरावीक प्रश्नावल्या आणि मुलाचे निरीक्षण यांवरच निदान होते, आणि लक्षणे किमान दोन ठिकाणी, म्हणजे उदाहरणार्थ घरी आणि शाळेत, दिसलीच पाहिजेत असा नियम आहे. आता सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी आठवीत कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जाते तेव्हा काय होते ते पाहा. ती वर्गात शून्यात पाहत बसते, सूचना पाळत नाही, वही अपुरी ठेवते. हे सर्व एडीएचडीसारखे दिसते, पण तिला भाषाच कळत नसेल तर ते एडीएचडी नव्हे. उलट जिला खरोखर हा विकार आहे तिच्याबद्दल 'कन्नड जमत नाही म्हणून मागे आहे, जमेल हळूहळू' असे सर्वजण समजतात आणि दोन वर्षे वाया जातात. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते आणि ती टाळण्याचा मार्ग एकच आहे: मुलीची, तिच्या आईची आणि तिच्या जुन्या शिक्षकांची मुलाखत त्यांच्या घरच्या भाषेत व्हायला हवी. जांबोटी-कणकुंबीकडील आईला मुलीचे वागणे सांगायचे असते ते तिच्या बोलीत. ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत सांगताना ती 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर येते, आणि 'किती वेळा', 'कधीपासून', 'कोणत्या वेळी' हे सारे गळून जाते. निदान उभे असते ते नेमके याच तपशिलावर. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत, बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत तज्ज्ञ आहेत, आणि तेथील कितीतरी डॉक्टर मराठी समजतात. निपाणीकडच्या लोकांना तर कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडते आणि ते तिकडे जातात. परंतु मराठी प्रश्नावली हाताशी असणे आणि मराठी बोलणारी व्यक्ती मुलाखतीस बसणे हे डॉक्टरांच्या चांगुलपणावर सोडून न देता व्यवस्थेचा भाग व्हावे, असे माझे म्हणणे आहे. शेजारच्या राज्यात मराठीतून हे काम रोज चालते. त्या प्रश्नावल्या इकडे वापरायला कोणत्याही राज्याचा अभिमान आड येण्याचे कारण नाही.

दुसरी सावधगिरी आरोग्याची. लक्ष न लागणाऱ्या प्रत्येक मुलीला एडीएचडी नसतो. आपल्या राज्यात प्रजननक्षम वयातील जवळजवळ निम्म्या स्त्रियांना रक्तक्षय आहे, किशोरवयीन मुलींची अवस्था वेगळी नाही, आणि रक्त कमी असलेली मुलगी वर्गात पेंगते. कानात मळ किंवा जुना स्राव असेल तर सूचना ऐकू येत नाहीत. काही सेकंद नजर स्थिर होऊन मुलगी 'हरवते' ती कधी कधी फिट असते. थायरॉइड, अपुरी झोप, घरातील भांडणे, कोणीतरी केलेला अत्याचार, यांनीही लक्ष उडते. म्हणून शिक्षकांनी निदान करू नये, त्यांनी फक्त शंका नोंदवावी आणि तपासणीसाठी पाठवावे.

त्यासाठी नवी योजना आणण्याची गरजही नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते; पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा यावीत अशी रचना आहे. या कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या आणि दोषांच्या यादीत दृष्टी, श्रवण, हृदयाचे दोष यांच्याबरोबर अध्ययनातील अडचण आणि एडीएचडी यांची नावे छापलेली आहेत. ही गोष्ट फारच थोड्या मुख्याध्यापकांना माहीत असावी असे मला वाटते. एका दिवसात दोनशे मुले तपासायची असतील तर पथक डोळे, दात, वजन, रक्तक्षय पाहणार हे उघड आहे. शांत बसलेली मुलगी तपासणीत शांतच बसणार. तिची अडचण पथकाला एका भेटीत दिसू शकत नाही, ती वर्गशिक्षिकेला वर्षभर दिसत असते. तेव्हा पथक येण्यापूर्वी प्रत्येक वर्गशिक्षकाने अशा मुलांची, आणि विशेषतः अशा मुलींची, नावे कारणांसह लिहून ठेवावीत, मुख्याध्यापकांनी ती पथकाकडे द्यावीत, आणि पथकाने त्यांना जिल्हा केंद्राकडे पाठवावे, एवढा एक कागद वाढला तरी पुष्कळ होईल. गटशिक्षणाधिकारी एका परिपत्रकाने हे करू शकतात. देशाच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पहिला नमुना १९८० च्या दशकात याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात, बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने उभा केला होता. ज्या राज्याने देशाला ही वाट दाखवली त्याच्या सीमेवरच्या तालुक्यांनी तिचा लाभ मागणे गैर नाही.

वर्गात करण्यासारख्या गोष्टींना पैसा लागत नाही. मुलीला दारा-खिडकीजवळ न बसवता पुढच्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती तिच्याकडून परत म्हणवून घ्यावी, गृहपाठ वहीत उतरला का हे घंटा होण्याआधी पाहावे, मोठे काम तुकड्यांत द्यावे, मध्येच खडू आणायला किंवा हजेरी पोहोचवायला पाठवून हालचालीची संधी द्यावी. घर आणि शाळा यांच्यात रोज एक छोटी चिठ्ठी, जिच्यावर दोन-तीनच गोष्टी असतात आणि त्या जमल्या की त्याच दिवशी कौतुक होते, ही पद्धत संशोधनात उपयोगी ठरलेली आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी तर पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपाय मानला जातो. औषधाविषयी पालकांच्या मनात फार भीती असते. मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित असल्याने ते प्रत्येक दुकानात मिळत नाही, आणि त्यामुळे 'मुलीला नशेची सवय लागेल' असा समज पसरतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या या औषधामुळे पुढे व्यसनाचा धोका वाढल्याचे दीर्घकालीन अभ्यासांत दिसलेले नाही. भूक मंदावणे, झोप कमी होणे असे त्रास मात्र होतात आणि म्हणून वजन-उंचीची नोंद ठेवत राहावी लागते. मनाने सुरू करण्याचे किंवा मनाने बंद करण्याचे हे औषध नाही. गाव गोळीला नावे ठेवते म्हणून लग्नाच्या बोलणीआधी ती गुपचूप बंद केली जाते, हे मी पाहिले आहे. त्या मुलीवर तो मोठा अन्याय असतो.

परीक्षेतील सवलतींबाबत कायद्यात एक फट राहिली आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे, एडीएचडीचा नावाने उल्लेख नाही. ज्या मुलीला दोन्ही आहेत तिला अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यावर जादा वेळ मिळू शकतो. जिला फक्त एडीएचडी आहे तिच्या हाती असा स्पष्ट आधार नसतो. आपल्या भागातील आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे आणि कोणत्याही भाषेचे असोत, दहावीच्या परीक्षेपुरता तरी हा प्रश्न विधानसभेत मांडावा.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. मुलगी मरणाचे बोलत असेल, हाताला जखमा करून घेत असेल, तर त्याला नाटक न समजता याच क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा. निकालाच्या दिवशी यशस्वी विद्यार्थिनींच्या छायाचित्रांच्या पानावर हा क्रमांक ठळकपणे छापावा, कारण त्या दिवशी ते पान घराघरात उघडले जाते आणि नापास झालेली मुलगीही ते पाहत असते. तसेच जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पालकांच्या पहिल्या सभेआधी, या विषयावर बेळगावातील एखाद्या बालमानसोपचारतज्ज्ञाचा सोप्या मराठीतील लेख प्रसिद्ध करावा. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, सभांमध्ये तो वाचून दाखवण्याची जबाबदारी आम्ही काही निवृत्त शिक्षिका खानापूर तालुक्यापुरती घ्यायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
खानापूर तालुका, जि. बेळगाव